चौसष्ट मिनिटांची कॅसेट

"ह्यांची एकच घ्यायची, तर कोणती घेऊ?"

जालन्यात मस्तगडला माझं कॅसेटचं दुकान होतं. तिथं बसून सगळ्यात जास्त वेळा ऐकलेला प्रश्न हा. गिऱ्हाईक काउंटरवर दोन्ही कोपरं टेकवायचं, एका गायकाच्या सात-आठ कॅसेटी समोर पसरायचं आणि माझ्या तोंडाकडं बघत राहायचं. घरी नवा टेपरेकॉर्डर आलेला असायचा, मन सगळ्यांवर गेलेलं असायचं आणि घ्यायची असायची एकच. आणि मी मूळचा धास्तीचा माणूस. शटर ओढून घरी निघालो की निम्म्या रस्त्यातून मागं फिरणार आणि कुलूप पुन्हा ओढून बघणार. आमची मंगल, म्हणजे माझी बायको, म्हणते, "तुम्ही तिरडीवरनंबी उठून इचारताल, कुलूप लावलं का." अशा माणसाला लोक रोज विचारायचे, की एका गायकाचं आयुष्यभराचं गाणं ह्यातल्या कोणत्या डबीत आहे ते सांगा.

एक ट्रक ड्रायव्हर होता. जालन्यातून लोखंडी सळया भरून लांब लांब जायचा. एका कव्वालाचा त्याला भारी नाद. मी बराच विचार करून एक कॅसेट दिली. आठ दिवसांनी तो परत हजर. म्हणाला, "सेठ, ह्याच्यात दम न्हाई." मी म्हटलं, "अहो, पहिली बाजू ऐका, मग बोला." तर म्हणे, "पहिली बाजू आपल्या गाडीत वाजतच न्हाई. सहा महिने झाले, दुसरीच वाजू राह्यली." मग मी त्या कव्वालाच्या सगळ्या कॅसेटींच्या फक्त दुसऱ्या बाजू ऐकल्या आणि त्यातली एक त्याला दिली. तेव्हापासून गिऱ्हाइकाला आधी विचारायचो, टेप कसा आहे, ऐकणार कुठं, घरात अजून कोण ऐकतं.

दुसरे आठवतात ते बदनापूरचे एक कारकून. रोज रेल्वेनं जालन्याला ये-जा करायचे. भावगीतं गाणाऱ्या एका गायकाची सगळ्यात खपाची कॅसेट मी त्यांना दिली. दुसऱ्या दिवशी रुमालात गुंडाळून परत आणली. "गाणी बराबर हाएत," ते म्हणाले, "पण ह्याच्यात ते न्हाईत."

"आवाज त्यांचाच आहे ना?"

"आवाज त्यांचाच हाय हो. पण ते दुसऱ्या कोणासारखं गाऊन राह्यलेत."

मला राग आला. गाणं विकतो मी, नाड्या बघत नाही, असं मनात म्हटलं आणि कॅसेट बदलून दिली. त्या वेळी ते वाक्य मला का टोचलं, ते कारकुनांना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं होतं ते. त्याचं कारण आता सांगतो. ह्या अंकाच्या संपादकांनी खरं म्हणजे दुकानातल्या गमतीजमती लिहा म्हणून सांगितलं होतं. त्या वर दोन सांगून झाल्या.

पुढं पुढं माझा एक नियम बसला होता. पहिली कॅसेट द्यायची नाही, तिच्यात गाणारा घाबरलेला असतो. शेवटची द्यायची नाही, तिच्यात थकलेला असतो. सगळ्यात खपलेली तर अजिबात नाही, ती गाणाऱ्याची राहत नाही, लोकांची होते. उरलेल्यांतून निवडायचं. ह्या नियमाचा मला अभिमान होता आणि बहुतेक गिऱ्हाइकं खुशही असायची. पण गेल्या वर्षी पोळ्याच्या सुमारास हा नियम ज्या एका माणसासाठी लावायची वेळ आली, तिथंच तो उताणा पडला.

दुकान बंद करून बरीच वर्षं झाली. तिथं आता मोबाइलची कव्हरं मिळतात. तर पोळ्याच्या आदल्या दिवशी एका प्राध्यापक बाईंचा फोन आला. मनीषा मॅडम. त्यांच्या विद्यापीठात मराठवाड्यातल्या लोकगायकांच्या कॅसेटी जमवून कायमच्या जतन करायचं काम चाललं होतं. "काका, कौसल्याबाईंच्या सातही कॅसेटी तुमच्याकडंच झाल्यात ना? आम्हाला एका कलावंताचा एकच अल्बम घेता येतो. जो त्यांचं खरं प्रतिनिधित्व करेल असा. तुमच्याइतकं कोण सांगणार? फॉर्म पाठवते. बाईंची संमतीची सही पाहिजे आणि महिनाअखेर पोचला पाहिजे."

मी बरं म्हणालो. फोन ठेवला आणि खाली बसलो.

कौसल्याबाई कोण, ते सांगायला हवं. जाफराबादजवळच्या एका खेड्यातल्या ह्या गायिका. सगळे त्यांना कौसाबाई म्हणत. कापूस वेचायला जायच्या आणि जयंत्यांना भीमगीतं गायच्या. त्यांचे यजमान भिकाजीराव पेटी वाजवायचे. दोन कोरसच्या बाया, एक ढोलकीवाला, अशी त्यांची गायन पार्टी. आवाज असा, की माइक बंद पडला तरी मागच्या रांगेतला माणूस मान हलवायचा. माझ्या दुकानाच्या मागं एक खोली होती. भिंतींना गोधड्या टांगून मी तिचा स्टुडिओ केला होता. दुपारी जेवणाच्या वेळी गल्ली शांत व्हायची, त्या दोन तासांत आम्ही रेकॉर्डिंग उरकायचो. त्यांची पहिली कॅसेट तिथंच झाली, बऱ्यापैकी चालली. दुसरीनं जिल्हा डोक्यावर घेतला. तिचं नाव 'पाटी दे गं माय'.

ह्या दुसऱ्या कॅसेटीची तयारी चालली होती तेव्हा जयंती चार दिवसांवर आली होती. गाणी आठ. सगळी रेकॉर्ड झाल्यावर मी वेळ मोजली, तर एकेक बाजू बत्तीस मिनिटांची. कॅसेट असते साठ मिनिटांची, म्हणजे बाजूला तीस. जास्त लांबीच्या कॅसेटी असतात, पण माझ्याकडं तसली एकच होती आणि तिच्यावर मूळ रेकॉर्डिंग, ज्याला आम्ही मास्टर म्हणतो, ते केलं होतं. विकायच्या शेकडो प्रती काढायच्या, त्यांना लागणाऱ्या लांब कॅसेटी मुंबईहून मागवाव्या लागत आणि जयंती टळून गेली असती. मी बाईंना म्हटलं, एक गाणं कमी करू. शेवटचं, 'पाटी दे गं माय'च काढू, कारण तेच लांब होतं. पण ते गाणं त्यांच्या आईनं जुळवलेलं. आईला कधी शाळा मिळाली नाही. कापूस वेचता वेचता तिनं ते रचलं आणि तिच्या तोंडून ऐकून कौसाबाईंनी पाठ केलेलं.

कौसाबाई म्हणाल्या, "भाऊ, तुम्हाला काय करायचं ते करा. पण गाणं एकबी काटू नका. आन मायचं तर बिलकुल न्हाई. शबुद द्या."

मी शब्द दिला आणि पाळलाही.

कॅसेट प्लेअरच्या आत एक मोटर असते. तिच्या मागं एक बारीक भोक असतं. त्यात बारीक पेचकस घालून आतला स्क्रू किंचित फिरवला की टेप थोडी जोरात पळते. मेकॅनिक लोक सुस्त पडलेली टेप ठीक करायला तो फिरवतात. मी तो ठीक चालणाऱ्या मशीनवर फिरवला. मास्टर थोडा जोरात पळवला आणि त्यावरून प्रती काढल्या. बत्तीस मिनिटांची बाजू तीस मिनिटांत बसली. आठच्या आठ गाणी कॅसेटीत आली. पण टेप जोरात पळवली की गाणं नुसतं लवकर संपत नाही, आवाजही वर चढतो. एक पाहिजे आणि दुसरं नको, असं करता येत नाही.

गाणारा पेटीवरच्या ज्या पट्टीला आपला 'सा' मानतो, ती त्याची पट्टी. त्याच्या गळ्याचं ते घर. कौसाबाईंची पट्टी पांढरी पाच. माझ्या पेचकसानं कॅसेटीत ती काळी चार झाली. पेटीवर ह्या दोन्ही पट्ट्या एकमेकींना चिकटून असतात, मधे बोट ठेवायलाही जागा नसते. मला वाटलं, एवढं कोणाला कळणार?

कोणालाच कळलं नाही, हेच माझं दुर्दैव. उलट आवाज धारदार वाटला आणि ढोलकीचा ठेका जोरकस. परतूरपासून भोकरदनपर्यंत, विहारात, लग्नात, जीपमध्ये ती कॅसेट वाजली. लोक म्हणायचे, काय चढतो बाईचा आवाज. मीही काउंटरवर छाती काढून म्हणायचो, रेकॉर्डिंग आपलं आहे.

वर्षभरानं तिसऱ्या कॅसेटीसाठी पार्टी आली. भिकाजीरावांनी पेटी उघडली आणि काळी चार धरली. माझ्या हातातली वायर तशीच राहिली. मी विचारलं, "पांढरी पाच होती ना आपली?"

"ती आधी हुती," ते म्हणाले. "कॅसेट पेटीवर लावून पाह्यली. त्याच्यात ही काळी चारमधी गाऊ राह्यली. लोक म्हणतेत, स्टेजवर कॅसेटीसारखं न्हाई वाजत. मंग आता हीच पट्टी धरली. गाऊ शकते, पण मेहनत नको वाटती हिला."

कौसाबाई खाली बघून हसल्या. म्हणाल्या, "चढंल की. एकदा चढला हुता, तर आताबी चढंल."

त्या क्षणी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण दुकान भरात होतं, नाव झालं होतं आणि मला भीती वाटली, की ही गोष्ट बाहेर फुटली तर लोक म्हणतील, मस्तगडवाला आवाज खोटा करून विकतो. मी वायर लावली आणि बटण दाबलं.

ती धरून पुढं पाच कॅसेटी झाल्या. प्रत्येकीत आवाज काळी चारवर चढायचा आणि चढताना थोडा घासायचा. उघड्या मैदानात तासन् तास त्या पट्टीत गायचं, वर्षानुवर्षं. पाचव्या कॅसेटीला त्या मधे मधे थांबून गरम पाणी प्यायच्या. सातवीत वरचे सूर कोरसच्या बायांनी सांभाळले. पुढं भिकाजीराव गेले, पार्टी मोडली आणि गाणं थांबलं. आता बाई बोलतात तेही घोगरं आणि मधेच तुटणारं. केसानं गळा कापला असं आपल्यात म्हणतात. मी पेचकसानं कापला.

तर फॉर्म आला. कलावंताचं नाव, गाव, प्रातिनिधिक अल्बम फक्त एक, एकूण वेळ, कलावंताची सही. रोज सकाळी तो कागद समोर घेऊन बसायचो. नियमाप्रमाणं पहिली नको, तिच्यात आवाज खरा आहे पण बाई घाबरलेल्या. शेवटची नकोच. मधल्या चारांमध्ये त्या स्वतःच्याच आवाजाच्या मागं धावताहेत. आणि जिच्यात त्या सगळ्यात मोकळ्या गायल्या, ती 'पाटी दे गं माय', ती मी बिघडवलेली. तीच पाठवली असती तर कोणी हरकत घेतली नसती. सगळ्यांना तीच ठाऊक. पण मग ती कायमची तिथं राहणार. उद्या कोणी मुलगी शिकायला ती लावणार, पेटी काळी चारला धरणार आणि गळा ताणणार.  मंगल म्हणाली, "एक कागद भरायला आठ दिस? लग्न जुळवू राह्यले का काय?"

शेवटी माळ्यावरचा पत्र्याचा डबा काढला. मास्टर त्यातच होता. टेपच्या कडेला पांढरी बुरशी दिसत होती. अशी जुनी टेप एकदा नीट चालते, दुसऱ्यांदा चालेलच याचा भरवसा नसतो. मशीनमधला हेड, ज्याला टेप घासून जाते तो, स्पिरिटनं पुसला, शेजाऱ्यांच्या मुलीचा लॅपटॉप जोडून घेतला. पण खरी अडचण वेगळीच होती. मशीन तेच, जुनं. स्क्रू तेव्हापासून किती वेळा फिरला, कोणाला ठाऊक? बरोबर वेग कोणता, हे कसं ठरवायचं? तेव्हा आठवलं, की रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी भिकाजीराव नेहमी नुसती पट्टी धरून ठेवायचे. मास्टरच्या सुरुवातीला ती असणार.

मंगल भजनी मंडळात पेटी वाजवते. मी तिला पेटी घेऊन बसवलं. "पांढरी पाच धरून ठेव. सोडू नको."

टेप सुरू केली. खरखर झाली आणि भिकाजीरावांची पेटी आली, पण उंच. मी त्याच भोकात पेचकस घातला आणि हळूहळू उलटा फिरवत गेलो. दोन पेट्यांचे सूर एकमेकांना घासत होते, जवळ येत होते आणि मग दोन्हींचा एकच सूर झाला. मंगलनं भाता थांबवला. माझ्याकडं बघून म्हणाली, "आन कॅसेटीत तर काळी चार हाय. आम्ही मंडळात ही गाणी म्हणताना तीच धरतो."

मी तिला सगळं सांगितलं. संसाराला इतकी वर्षं झाली, पहिल्यांदा सांगितलं. तिनं पेटीला खोळ घातली, मग म्हणाली, "मला सांगून काय उपेग? जाफराबादला जा."

तरी आधी टेप पूर्ण चालवायची होती. चौसष्ट मिनिटं मी मशीनजवळ बसून होतो. कुठं अडकली तर संपलं. पण टेप चालली आणि त्यात कौसाबाई गात होत्या. रुंद, भरलेला, जमिनीवर पाय रोवून उभा असलेला आवाज. इतक्या वर्षांत मी तो विसरलोच होतो. शेवटचं गाणं संपलं तेव्हा हेडवर तपकिरी भुगा साचला होता आणि माझ्या सदऱ्याची बाही ओली झाली होती.

एसटीनं जाफराबादला गेलो. पिशवीत फॉर्म, गाणी भरलेला मोबाइल आणि त्याला जोडायचा छोटा स्पीकर. रस्ताभर वाक्यं जुळवत होतो. एकही वाक्य जाफराबादपर्यंत टिकलं नाही.

कौसाबाई आता मुलीकडं राहतात. मुलगी संगीता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. बाई ओसरीवर परातीत तूरडाळ निवडत बसल्या होत्या. मला बघून उठल्या. "या भाऊ. किती वर्साला आलात." चहा झाला. मी सोयाबीनची चौकशी केली, एसटीच्या गर्दीचं सांगितलं, गुडघ्यांचं विचारलं. फॉर्मचं सांगितलं, तशी संगीता खूश झाली. पण मी पुन्हा गुडघ्यांवरच आलो. बाई म्हणाल्या, "भाऊ, ताकाला येऊन भांडं काहून लपवू राह्यले? काय हाय ते बोला."

 मी स्पीकर काढला आणि शेवटचं गाणं लावलं.

पहिल्या ओळीला त्यांचे हात परातीत थांबले. दुसऱ्या ओळीला त्यांनी पदर डोक्यावर नीट घेतला, मोठं माणूस आलं की घेतात तसा. गाणं निम्मं झाल्यावर त्यांनी विचारलं, "माय कव्हा आल्ती तुमच्या दुकानात?"

"आई, आजीची टेप कुठली असंल?" संगीता म्हणाली. "तूच हायस ती."

"गप. मला माझ्या मायचा आवाज कळत न्हाई का? असाच हुता. असाच रुंद. माझा कुठं असा हाय?"

"बाई," मी म्हणालो, "ह्या तुम्हीच आहात."

मग सगळं सांगितलं. दोन मिनिटांचा हिशोब, जयंती, पेचकस, आणि भिकाजीरावांनी काळी चार धरली तेव्हा मी गप्प बसलो, तेसुद्धा. काही लपवलं नाही. बोलताना मी परातीकडं बघत होतो.

 मग बाईंनी विचारलं, "किती चढवला हुता?"

"एक पट्टी."

"एकच?"

"एकच."

त्यांनी डाळीतला एक खडा उचलला, बघितला आणि बाजूला ठेवला. "एवढ्यासाठी संगीताचे पप्पा माझ्यासंगं किती भांडायचे. म्हणायचे, कॅसेटीत चढतीस, मंग स्टेजवर काहून न्हाई? कामचुकारी करतीस. मलाबी तेच वाटायचं. वाटायचं, देवानं एकदाच दिलता तो सूर, म्याच सांभाळला न्हाई. ते गेले तव्हाबी त्यांच्या मनात हेच हुतं." आवाज तुटला. त्यांनी घोटभर पाणी प्यायलं. "भाऊ, तुम्ही मला माझ्याच मागं पळवलं. आन मी गावतच न्हाई मला."

मी हात जोडले. त्यांनी माझ्या हातांकडं बघितलं नाही. मी माफी मागायला आलो होतो, पण माफी मिळावी असं काही माझ्याकडं नव्हतं, हे तिथं बसल्यावर मला स्पष्ट कळलं.

संगीताचे डोळे भरले होते, पण ती शिक्षिका. कागद तिनं उचलला. "काका, तुम्ही जे केलं त्याला मी काय म्हणू, मला कळून न्हाई राह्यलं. पण फॉर्मात ती जुनीच लिहा. लोकांला आई म्हणजे तोच आवाज ठाऊक हाय. हा कोणी ऐकलाच न्हाई. उद्या कोणी म्हणलं, ह्या त्या कौसाबाई न्हाईतच, तर? आजच आईला पटून न्हाई राह्यलं."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. खरा आवाज कोणाला ओळखू येत नाही आणि ओळखीचा आवाज खरा नाही. आता ह्यातली कोणती कॅसेट बाईंची म्हणायची? आयुष्यभर दुसऱ्यांना हेच सांगून पोट भरलं होतं. मी म्हणालो, "बाई, तुम्ही म्हणाल ती लिहितो."

कौसाबाईंनी विचारलं, "दोन्हीचं नाव एकच ना?"

"एकच. 'पाटी दे गं माय'."

"त्या कागदात अजून काय काय भरायचं हाय?"

संगीतानं वाचून दाखवलं. नाव, गाव, अल्बम, एकूण वेळ.

"मंग नाव तेच लिव्हा," बाई म्हणाल्या. "आन टाइम खरा लिव्हा."

मी पेन काढलं. कव्हरवरच्या साठच्या जागी चौसष्ट लिहायचं होतं. दोन आकडे, पण चाराचा आकडा वाकडा झाला. बाई वाकून बघत होत्या. "आकडा नीट काढा," त्या म्हणाल्या. मी तो पुन्हा गिरवला. मग त्यांनी सही केली. त्या सही करायला मोठेपणी शिकल्या. एकेक अक्षर थांबून, दाबून लिहितात.

निघताना मी स्पीकर पिशवीत घालायला उचलला, तर म्हणाल्या, "तो डबा राहू द्या." मी मोबाइलमधली गाणी संगीताच्या मोबाइलमध्ये टाकली आणि स्पीकर तिथंच ठेवला. पूर्वी त्या दुकानातून निघताना "येते भाऊ" म्हणायच्या आणि मी गावाकडं गेलो तर "या भाऊ" म्हणून वेशीपर्यंत यायच्या. त्या दिवशी त्या ओसरीवरून उठल्या नाहीत. मी गल्लीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा मागं गाणं पुन्हा सुरू झालं. त्याच्याखाली दुसरा एक घोगरा आवाज होता, तुटत होता, पण पांढरी पाचवरच होता. मी थांबलो नाही. थांबायचा मला हक्क नव्हता.

फॉर्म मी स्वतः नेऊन दिला, पोस्टावर भरवसा ठेवला नाही. आठ दिवसांनी मनीषा मॅडमचा फोन आला. 

"काका, अल्बम छान निवडलात. फक्त एक चूक दिसतेय. कॅसेटीच्या कव्हरवर साठ मिनिटं छापलंय आणि तुम्ही फॉर्मात चौसष्ट लिहिलंय. दुरुस्त करून घेऊ का?"

हो म्हटलं असतं तर सगळं पुन्हा झाकलं गेलं असतं, कायमचं. मंगल समोर पेटी पुसत बसली होती. तिनं हात थांबवला.

"मॅडम," मी म्हणालो, "ते दुरुस्त केलेलंच आहे."